डावं मोकळं

मंगळवार, ४ फेब्रुवारी

उपचाराच्या बाई लिहा म्हणाल्या, म्हणून लिहितेय. नाहीतर मी आणि लिहिणं, काय संबंध! कपाटात बसच्या फेऱ्यांची एक जुनी वही पडली होती, तीच घेतली. तिच्यात रकाने छापलेले आहेत: निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, शेरा. मी सगळं शेऱ्यातच कोंबणार.

तर हकिगत अशी. एकोणीस वर्षं मी शाळेची बस चालवते. सप्टेंबरात मुलांना सोडून रिकामी बस परत आणताना चौकात डावीकडून एक ट्रक आला आणि दारावर आदळला. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. पण त्या दिवसापासून माझी मान डावीकडे वळत नाही. उजवीकडे घुबडासारखी वळते. डावीकडे न्यायला गेलं की नाकाच्या रेषेत येते आणि थांबते, बस्स. डावीकडचं काही बघायचं तर मी अख्खी फिरते, कपाट फिरवल्यासारखी.

फोटो काढले, पट्टा बांधला, गोळ्या खाल्ल्या. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "तुमची मान माझ्या मानेपेक्षा चांगली आहे." मग वळत का नाही म्हटलं, तर चष्मा पुसत बसले. शेवटी त्यांनीच, अपघाताचा धक्का अंगातून काढणाऱ्या या बाईंचा पत्ता दिला. १० मार्चला गाडीवाल्यांची वैद्यकीय तपासणी आहे. मान वळली तर बस माझी, नाही वळली तर शाळेच्या ऑफिसात बसून पासांवर शिक्के मारायचे. मी काय शिक्के मारणारी बाई आहे?

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली. दोन खुर्च्या, एक सतरंजी, कोपऱ्यात उशा. मला वाटलं आता मान धरून कडाकड मोडतील. हात लावला नाही! प्रत्येक वाक्याला "हळू, सावकाश, घाई नाही." मी मनातल्या मनात त्यांचं नाव हळूबाई ठेवलं.

"आत्ता कशा बसला आहात?" हळूबाईंनी विचारलं.

"खुर्चीवर," मी म्हटलं. त्या हसल्या, ते एक बरं झालं.

मग म्हणाल्या, "बसमध्ये आणखी कुणी होतं?"

"अटेंडंट होती. दाराशी बसते ती."

"तिला लागलं?"

"पाय मोडला. बरी आहे म्हणतात." आणि मग मी पंख्याचं बटण कुठं आहे ते विचारलं, फार उकडत होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

घरात सगळ्यांना हुक्की आली आहे काहीतरी. सासूबाई गेली तीस वर्षं बैठकीत एकाच खुर्चीवर पेपर वाचतात, ती खुर्ची अचानक माझ्या उजव्या बाजूला आणून ठेवली. म्हणे इकडे उजेड चांगला येतो. खिडकी तिकडे आहे! पण त्यांना कोण सांगणार? आता पेपरातली प्रत्येक बातमी माझ्या उजव्या कानात.

भिंतीवरचं घड्याळही नवऱ्यानं हलवलं. खिळा सैल झाला म्हणे. आणि महिनाभरापूर्वी यानंच पलंगावरची बाजू बदलून घेतली, या कुशीवर घोरणं कमी होतं म्हणून. काडीचंही कमी झालेलं नाही.

उजव्या चपलेचा तळ बोटांखाली पार झिजलाय, डावी कोरी करकरीत. चांभारानं विचारलं, "बाई, लंगडता का?" मी म्हटलं, तुम्ही चप्पल बघा.

दुपारी बसमधल्या दारकाकूचा फोन आला होता. माझे हात पिठाचे होते.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज जे झालं ते दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते. माझ्या बाबतीत झालं, आता हसू कुणाला?

हळूबाईंनी मानेचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "पाय कसे आहेत?" म्हटलं उजवी पोटरी दुखते, सप्टेंबरपासून, पण ती वयाची असेल. "पावलाकडे बघा जरा." मी बघितलं. डावं पाऊल सतरंजीवर गुपचूप पडलेलं. उजव्याची टाच टेकलेली आणि पुढचा पंजा असा दाबलेला की सतरंजीला चुण्या पडल्या होत्या. मी दाबत नव्हते हो! शपथेवर सांगते, मला ठाऊकच नव्हतं.

"तो पाय काय करतोय?"

"काय करणार, ब्रेक दाबतोय," मी म्हटलं. आणि म्हटल्यावर माझ्याच अंगावर सरसरून काटा आला.

त्या माझ्या पावलाकडेच बघत होत्या. मग म्हणाल्या, "बस थांबली का?"

"थांबली की. केव्हाच."

"पायाला कुणी सांगितलंय?"

मग म्हणाल्या, आधी अजून जोरात दाबा. दाबलं. आता सोडा, पण मुंगीच्या पावलानं. मी सोडायला लागले आणि गुडघा थडथड उडायला लागला. आधी थोडा, मग सगळी मांडी, मग दुसराही पाय. थांबवायला गेले तर म्हणाल्या, "असू दे. तेव्हा करायचं राहून गेलं, ते आत्ता करतंय अंग. फार वाटलं तर खिडकीबाहेर बघा, मला सांगा, आपण थांबू." मी खिडकीबाहेर बघितलं. खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. पाय आपले थरथरताहेत आणि मी त्यांच्याकडे पाहुण्यासारखी बघतेय. भीती नव्हती वाटत. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडू नव्हतं. पाचेक मिनिटांनी सगळं आपोआप शांत झालं, पायात ऊब आली, आणि उजवं पाऊल डाव्याच्या शेजारी सपाट टेकलं.

पाच महिने! पाच महिने हा पाय एका उभ्या बसचा ब्रेक दाबून बसला होता. जेवताना, भाजी निवडताना, झोपेत. इमानदार बिचारा. मी त्याला वयाचं दुखणं म्हणत तेल चोळत होते. जिना उतरताना मी कठड्याला धरून प्रत्येक पायरीवर त्याच्याकडे बघत होते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नऊ तास झोपले. उठले तर लेक माझ्या नाकापुढे बोट धरून उभी. "श्वास चालू आहे का बघत होते," म्हणाली. एकोणीस वर्षांची घोडी, पण चेहरा पार उतरलेला. संध्याकाळी तिच्याबरोबर पायी बाजारात गेले. रस्त्यानं चालताना ही नेहमी वाहनांच्या बाजूनं, माझ्या उजवीकडून चालते. आत ये म्हटलं तर म्हणते, इथंच बरं आहे.

नवऱ्याला पायाची गोष्ट सांगितली. तो दुकानात चष्म्याच्या काचा घासतो, सगळ्या गोष्टी मापात पकडायची सवय. बराच वेळ माझं पाऊल हातात धरून बसला होता. मग म्हणाला, "आणि आम्हाला कुणालाच दिसलं नाही."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज मानेची पाळी. "आधी डोळे," हळूबाई म्हणाल्या. "मान जाऊ दे. डोळ्यांना खोलीत हिंडू द्या, त्यांना आवडेल तिथं." डोळे उजवीकडे गेले, छताला गेले, मग हळूच डावीकडे. तिथं म्हणे एक कुंडी आहे. मला पानाचं एक टोक दिसलं. मान डोळ्यांच्या मागून निघाली, चक्क निघाली! एक बोट, दोन बोटं. मग मला जांभया यायला लागल्या, एकामागून एक, जबडा निखळतोय की काय. मी माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, येऊ द्या, अंग सैल होताना देतं.

आणि तिथंच अडली. दोन बोटांच्या पुढे नाही म्हणजे नाही. 

"मी ओढणार नाही," त्या म्हणाल्या. "मान तुमची आहे. तिला घाई नसेल तर मलाही नाही."

"मला आहे!" मी ओरडलेच. "दहा मार्च आहे!"

त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, "मान कुठं निघाली होती? ट्रककडे?"

मी हो म्हणणार होते. तोंडातून आलं, "नाही. काकूकडे."

मग सांगावंच लागलं. दारकाकू म्हणजे आमची अटेंडंट. मुलांनीच ठेवलेलं नाव. अकरा वर्षं डाव्या बाजूच्या पहिल्या सीटवर, दाराशी. आमची एक पद्धत होती. नियम असा की गाडी काढताना चालकानं डावीकडे स्वतः बघायचं. पण बस भरलेली असते, दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, दंगा. काकू बाहेर बघायची, पत्र्यावर दोन थापा मारायची आणि म्हणायची, "डावं मोकळं." की मी निघाले. पहिली काही वर्षं मी तरीही बघायचे. मग नाही. स्वतःच्या डोळ्यापेक्षा तिच्या शब्दावर भरवसा. गंमत म्हणजे आम्हाला त्याचा अभिमान होता. इतर गाडीवाल्यांना दाखवायचो, बघा, आमची जोडी.

त्या दिवशी चौकात ती म्हणाली, डावं मोकळं. मी निघाले. मी बघितलं नाही.

चौकशीत ट्रकवाल्याची चूक निघाली, भरधाव होता. असेल. पण मी बघितलं नाही.

एवढंच नाही. नंतरसुद्धा बघितलं नाही. काचा पडायच्या थांबल्या आणि काकू हाक मारत होती, "अगं, बघ ना इकडे. अगं ए, इकडे बघ." मी स्टेअरिंग घट्ट धरून समोर बघत बसले. लोक आले, तिला मागच्या दारानं काढलं, नेलं. मी समोर बघत होते. एकदासुद्धा नाही वळले.

हळूबाईंचे डोळे भरले होते. वाटलं, आता म्हणतील की तुमची काही चूक नाही. तसं काही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हणजे मान तेव्हाच निघाली होती. अजून वाटेतच आहे."

बुधवार, १९ फेब्रुवारी

परत जायचं नाही. उगाच उकरून काढायचं, दुसरं काय! शिक्के तर शिक्के. ऑफिसात पंखा आहे, चहा वेळेवर मिळतो.

काकूचा फोन आला, दोनदा. मी घरातच होते आणि हात कोरडे होते.

रविवार, २३ फेब्रुवारी

घाईनं लिहितेय, अक्षर कसंही येईल.

दुपारी दार वाजलं. लेकीनं उघडलं आणि "काकू!" म्हणून किंचाळली. काठीचा आवाज आला, टक, टक. मी माझ्या जागी बसलेले, सोफ्याच्या कडेला.  पळून जायला स्वयंपाकघर होतं, पण सासूबाई दारात उभ्या.

"पायऱ्या किती आहेत गं तुमच्याकडे," काकू म्हणाली. आवाज तोच, अख्ख्या बसला गप्प करणारा. नवऱ्यानं लगबगीनं माझ्या उजवीकडे खुर्ची सरकवली. "इथं बसा, काकू."

"तिथं नाही. मी डावीकडची बाई आहे."

"अहो, तिला त्रास होतो," नवरा हळूच म्हणाला. सासूबाईही म्हणाल्या, "तिची मान वळत नाही गं. इकडेच बस."

"मला ठाऊक आहे काय वळत नाही ते. या घरात डावीकडे एक खुर्ची नाही?"

खरंच नव्हती.  शेवटी लेकीनं स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि काकू माझ्या डावीकडे टेकली. काठी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. दिसत मला काहीच नव्हतं, समोरची भिंत तेवढी.

"फोन उचलत नाहीस," ती म्हणाली.

मी सोफ्याची शिवण चाचपत होते.

"बरोबर आहे तुझं. मी असते तर मीही उचलला नसता. पण सांगितल्याशिवाय मला चैन नाही पडायची. ऐक. त्या दिवशी सीटखाली बाटली घरंगळत होती. बदकाचं चित्र असलेली, नेहमी विसरते ती पोरगी. मी वाकले होते बाटलीला. वाकल्या वाकल्या दोन थापा मारल्या आणि म्हटलं, डावं मोकळं. मी बघितलं नव्हतं. अकरा वर्षांत एकदा. सवयीनं तोंडातून गेलं."

 मी काहीतरी म्हणाले असेन, कारण ती म्हणाली, "थांब, बोलू दे. पाय मोडला त्याचं नाही मला काही. पण मी तुला हाका मारत होते आणि तू वळली नाहीस. मला कळलं, हिला समजलंय. हिला माझं तोंड बघायचं नाही. पाच महिने तेच घेऊन बसलेय मी."

"नाही गं!" मी ओरडले. "तुला कुणी सांगितलं! मला भीती होती. बघितलं आणि तू मेलेली दिसलीस तर? मी नाही बघितलं तर तू जिवंत राहशील असं काहीतरी..."

हे मला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. माझं मला ठाऊक नव्हतं! समोरची भिंत हलतेय असं वाटलं. उजव्या पायानं एकदा जमीन दाबली. मी मनात त्याला सांगितलं, थांबलीय रे, केव्हाच थांबलीय. त्यानं सोडलं.

"मेलेली बाई एवढ्या पायऱ्या चढेल का?" काकू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "अगं ए. बघ ना इकडे."

मी काही केलं नाही. हे मला नीट लिहून ठेवायचंय, मी काही केलं नाही. आधी डोळे गेले. मग हनुवटी. एक बोट, दोन बोटं, तिथं जरा थांबली, थरथरली, श्वास आपोआप खोल गेला. आणि मग मान गेली. दार उघडल्यासारखी गेली, कुरकुर नाही, कळ नाही.

काकू दिसली. वाळलीय. केस सगळे पांढरे झालेत, नवा चष्मा आहे, आणि नाकातून पाणी गळत होतं ते तिनं पुसलंही नव्हतं. जिवंत. इतकं सुंदर काही मी आयुष्यात बघितलेलं नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत हमसून हमसून रडलो, मध्येच हसलो, परत रडलो. मी मान तशीच ठेवली, न जाणो परत फिरली तर.

ती डोळे पुसत होती तेव्हा माझं लक्ष तिच्या मागे गेलं. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल. जमिनीवर टेबलाच्या चार पायांच्या खुणा. सासूबाईंच्या खुर्चीची, फोनच्या स्टुलाची, लेकीच्या अभ्यासाच्या दिव्याची जागा, सगळ्या जागा नुसत्याच. एकेक वस्तू हलली तेव्हा मी करवादले होते, वहीतही लिहिलंय. पण माझ्या जागेवरून मान वळवून सगळं एका नजरेत आज बघितलं. यांनी पाच महिन्यांत अख्खं घर उचलून माझ्या उजव्या हाताला आणून ठेवलं होतं. एका शब्दानं बोलले नाहीत. वर माझी बोलणी खाल्ली.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "इकडे उजेड चांगला येतो, दुसरं काही नाही." आणि आत जाऊन नाक शिंकरलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

हळूबाईंकडे गेले. आधी कुंडी बघितली. भली मोठी आहे, आणि पानावर धूळ.

त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील की बघा, मी म्हटलं नव्हतं? तर दोन्ही हात तोंडावर धरून ऐकत होत्या. म्हटलं, "तुम्हालाही नवल वाटतं? तुम्ही तर रोज बघता."

"रोज वाटतं," त्या म्हणाल्या.

अजून पक्कं झालेलं नाही, हेही सांगितलं त्यांनी. ट्रकचा आवाज आला की खांदे आवळतात. यायचं बंद करू नका म्हणाल्या. नाही करणार.

सोमवार, १० मार्च

तपासणीचे डॉक्टर तरुण होते, घाईत. "उजवीकडे बघा. डावीकडे बघा." मी डावीकडे बघितलं. तिथं वजनाचा काटा, त्याच्यावर कुणाचातरी विसरलेला रुमाल, वर हात धुण्याचा तक्ता.

"झालं, पुरे," ते म्हणाले.

"थांबा," मी म्हटलं. "जरा नीट बघून घेते."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला बघू दिलं. पास. शेरा: तंदुरुस्त.

गुरुवार, १३ मार्च

आज शाळेच्या आवारात रिकामी बस चालवून बघायची होती. दार नवीन बसवलंय, रंग जरा वेगळा आहे. काकूला कामावर यायला अजून अवकाश आहे, येईल की नाही तेही नक्की नाही, पाय आखूड झालाय. पण आज हट्टानं आली. दोघांनी धरून वर चढवलं. आपल्या सीटवर बसली, काठी गुडघ्यांत.

मी स्टेअरिंग धरलं.  उजवा पाय ब्रेकवर, आता खराखुरा.

काकूनं मान बाहेर काढली. चांगलं निरखून बघितलं, आधी एकदा, मग आणखी एकदा. पत्र्यावर दोन थापा.

"डावं मोकळं," ती म्हणाली.

मी वळले. आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पलीकडे, आरशात, दाराबाहेर, भिंतीपर्यंत. कडुलिंबाखाली एक कुत्रं झोपलेलं, बाकी कुणी नाही.

"मोकळं," मी म्हटलं, आणि ब्रेकवरचा पाय उचलला.